पीसीओएस: इनोसिटॉलने दिवस राहतात का?

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या बाईच्या सोनोग्राफीत बीजांडकोशाच्या कडेने काळे ठिपके दिसतात, मणी ओवून ठेवल्यासारखे. रिपोर्टमध्ये 'सिस्ट' हा शब्द वाचून ती धास्तावते. खरं तर ती 2 ते 9 मिलिमीटरपर्यंत वाढून मध्येच थांबलेली फॉलिकल्स असतात आणि प्रत्येकात एक न पिकलेलं स्त्रीबीज असतं.

ती का थांबतात? बऱ्याच जणींच्या पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते आणखी तयार करतं. या जादा इन्शुलिनमुळे बीजांडकोशात टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन्स जास्त बनतात आणि फॉलिकलची वाढ अडते. बीज सुटत नाही, पाळी लांबते.

इनोसिटॉलच्या पावडरचा संबंध इथे येतो. हा साखरेसारखा पदार्थ आपलं शरीर स्वतःही बनवतं; इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवायला तो लागतो. तेव्हा कल्पना पटण्याजोगी आहे. 1999 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 44 जणींवरचा एक प्रयोग छापून आला. इनोसिटॉलचा डी-कायरो हा प्रकार घेणाऱ्या 22 पैकी 19 जणींचं बीज सुटलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 22 पैकी फक्त 6 जणींचं.

हे आकडे वाचून कुणालाही आशा वाटेल. पण 44 जणी म्हणजे फारच थोड्या, आणि बीज सुटलं म्हणून मूल हाती येतंच असं नाही. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तरी इनोसिटॉलने मूल होण्याची शक्यता वाढते असं खात्रीने म्हणता आलं नाही. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही वंध्यत्वासाठी त्याला अजून प्रायोगिकच मानतात. त्याचा त्रास सहसा किरकोळ असतो, हे खरं. मला काळजी वाटते ती वेळेची. पस्तिशीच्या पुढची बाई 'अजून तीन महिने घेऊन बघू' म्हणत वर्ष घालवते आणि बीज सुटण्यासाठी आज पहिली पसंती असलेलं लेट्रोझोल हे औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. 2014 च्या 750 जणींच्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या 27.5 टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफीनवर 19.1 टक्के जणींना.

आता इतर पूरक गोळ्यांबद्दल. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं. मेटफॉर्मिन हे इन्शुलिनचा परिणाम सुधारणारं औषध बरेच दिवस चालू असेल तर बी12 जीवनसत्त्व तपासावं.

फॉलिक ॲसिडबद्दल मात्र आग्रहाने सांगते. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. ज्यांची पाळी मुळातच दोन-दोन महिने येत नाही, त्यांना तोवर दिवस गेल्याची शंकाही येत नाही. म्हणून रोज निदान 400 मायक्रोग्रॅम, तेही प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून.

आणखी एक. पीसीओएसमध्ये केस गळतात, म्हणून अनेक जणी बायोटिन घेतात. त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉईडच्या आणि इतर काही हार्मोनच्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात आणि त्या आकड्यांवरूनच उपचार ठरतात. रक्त द्यायला जाण्याआधी ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगा, आणि किती दिवस आधी थांबवायची तेही विचारून घ्या.