पार्श्वभूमी: पोस्टग्रेसमधले समांतर वर्कर आणि लॉकच्या चाचण्या

9.6 आवृत्ती (2016) येईपर्यंत पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक सत्र म्हणजे एकच प्रोसेस, आणि लॉक (टेबल वगैरेवरचा, इतरांना थोपवणारा ताबा) तिच्याच नावावर. समांतर क्वेरी आली, म्हणजे एका क्वेरीचे काम मुख्य प्रोसेस (लीडर) आणि तिच्या मदतनीस प्रोसेस (वर्कर) वाटून घेऊ लागल्या, आणि हा हिशेब मोडला. लीडरने टेबल ट्रंकेट (पूर्ण रिकामे) करून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ते वाचायला घेतले, की वर्कर त्याच्याच लॉकपाशी अडणार आणि लीडर वर्करकडून येणाऱ्या ओळींची वाट पाहत बसणार. ही दुसरी वाट लॉक टेबलमध्ये नोंदलेली नसल्याने डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत सगळेच अडकणे) शोधणाऱ्या कोडला चक्र दिसत नाही. क्वेरी तशीच लटकून राहते.

उपाय म्हणून लॉक गट आले: लीडर आणि त्याचे वर्कर एकमेकांच्या लॉकला आडवे येत नाहीत. वाद इथेच झाला. लीडरचे लॉक सुरुवातीला वर्करला नकलून द्यावेत, एवढाच मर्यादित पर्यायही चर्चेत होता. पण नंतर घेतलेल्या लॉकचे काय, याला त्यात उत्तर नाही. गटाचा नियम त्याहून भक्कम आहे, मात्र त्याची किंमत कमी लेखली गेली. 'आडवे येत नाहीत' म्हणजे गटाच्या आत लॉक संरक्षणही देत नाही. दोन वर्कर एकाच वेळी एकाच टेबलची फाइल वाढवू लागले तर त्यांना थोपवणारे कोणी नव्हते. वर्कर फक्त वाचत होते तोवर हे खपले. समांतर लेखनाची वाट मोकळी करायची तर अपवाद हवाच होता. 13व्या आवृत्तीत (2020) फाइल वाढवण्याचे आणि पानावरचे (फाइलमधल्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावरचे) लॉक गटातही परस्परविरोधी ठरले.

चाचणी लिहिणे त्याहून अवघड. लीडरने आधीच घेतलेल्या लॉकपलीकडे वर्करला सहसा काही लागत नाही, म्हणून तो अडतच नाही. त्याला मुद्दाम अडवावे लागते: अ‍ॅडव्हायझरी लॉक (टेबलशी न बांधलेले, स्वतः ठरवून घ्यायचे लॉक) घेणारे फंक्शन लिहायचे, त्यावर 'पॅरलल सेफ' (वर्करमध्ये चालवायला सुरक्षित) असा खोटा शिक्का मारायचा, समांतर योजनेचे अंदाजी खर्च शून्यावर आणायचे, म्हणजे तीच निवडली जाईल. डेडलॉक टाइमआउट (लॉकसाठी किती वेळ थांबल्यावर डेडलॉक तपासायचा; मूळ मूल्य 1 सेकंद) एका सत्रात काही मिलिसेकंद आणि बाकीच्यांत 10 सेकंद ठेवायचा. नाहीतर तपासणी दर वेळी वेगळ्याच सत्रात होते आणि निकाल डळमळतो. अनेक वर्कर गुंतलेला, एरवी सुटू शकणारा डेडलॉक न सुटण्याचा दोष ऑगस्ट 2019 मध्ये 11.5 मध्ये दुरुस्त झाला. अशी चाचणी त्या दुरुस्तीसोबतच आली, तीन वर्षे उशिरा.

चाचणीसाठी समांतर योजना लादणाऱ्या सेटिंगचे नाव 'फोर्स पॅरलल मोड' होते. वेग वाढेल या समजुतीने लोक ते चालू करत. 16व्या आवृत्तीत ते 'डीबग पॅरलल क्वेरी' झाले.