बोनेटवरचे टवके: दगड अडवायला कडक थर लागतो की मऊ?

गाडीच्या पुढच्या बाजूला म्हणजे बंपर, बोनेटची पुढची कड आणि आरशांच्या कव्हरवर जे बारीक बारीक टवके उडालेले असतात ना, त्यातला एखादा भिंगातून किंवा मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन नीट बघा. नुसत्या डोळ्यांना तो एक ठिपका वाटतो पण जवळून बघितलं की चक्क पायरी-पायरीने खोल गेलेला खड्डा दिसतो. सगळ्यात बाहेर पारदर्शक क्लिअर कोटची तुटलेली, जराशी पांढरट कड, तिच्या आत गाडीचा मूळ रंग, त्याच्या आत राखाडी प्रायमर, आणि तळाशी एकतर पत्र्याला घट्ट चिकटलेला अजून एक मळकट थर नाहीतर सरळ चकचकीत पत्रा. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो हा असा चार थरांचा असतो आणि चारही मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग वगैरे. एवढ्याशा जाडीवर ऊन, पाऊस, धूळ आणि दगड सगळं झेलायचं असतं.

आता दगडाचं गणित बघू, कारण ते एकदा कळलं की कुठलं प्रॉडक्ट काय करू शकतं आणि काय नाही हे आपोआप कळतं. १ ग्रॅमचा छोटा खडा ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने बोनेटवर आदळला तर त्याची ऊर्जा होते साधारण ०.३९ ज्यूल. १०० ग्रॅमची वस्तू ४० सेंटीमीटरवरून खाली पडली तर जेवढी ऊर्जा तेवढीच ही, ऐकायला काहीच नाही. पण खड्याचं टोक अणकुचीदार असतं, सगळा मार एका बारीकशा ठिपक्यावर बसतो आणि तोही डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी संपलेला असतो, म्हणून रंग फुटतो. वेग निम्मा केला, म्हणजे ताशी ५० वर आणला, की ऊर्जा निम्मी नाही तर चौथाई होते. आणि समोरून ताशी ८० ने येणाऱ्या गाडीवरून उडालेला खडा तिच्याच वेगाने येत असेल आणि आपणही ८० ने जात असू तर धडक १६० ची होते, म्हणजे १०० च्या धडकेपेक्षा अडीच पट मार.

खडे उडतात कसे हे पण इंटरेस्टिंग आहे. चाक जिथे रस्त्याला टेकतं तिथला टायरचा भाग त्या क्षणी रस्त्याच्या मानाने थांबलेलाच असतो, त्यामुळे तिथून सुटलेला खडा वर उडतो खरा पण पुढे जायचा वेग त्याला फारसा मिळत नाही, तो हवेत जवळजवळ जागच्या जागी वर-खाली होतो आणि मागून येणारे आपण त्याच्यावर जाऊन आदळतो. म्हणजे बऱ्याच वेळा दगड आपल्यावर येत नसतो, आपणच दगडावर जात असतो, आणि म्हणूनच आपला स्वतःचा वेग इतका महत्त्वाचा. एक मीटर उंच उडालेला खडा ०.९ सेकंदात परत खाली येतो, दोन मीटर उडाला तरी १.३ सेकंदात. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवलं, ताशी १०० ला ते साधारण ८३ मीटर होतं, तर आपण पोचेपर्यंत बहुतेक खडे रस्त्यावर पडलेले असतात. खडी नेणारा ट्रक पुढे असेल तर अजून जास्त अंतर ठेवा किंवा जागा बघून पुढे निघून जा, पण त्याच्या मागे चिकटून जाऊ नका. नव्याने खडी टाकलेला रस्ता असेल तर वेग कमी करण्यापलीकडे काही उपाय नाही. हा सगळ्यात चांगला उपाय आहे आणि त्याला काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता मुख्य मुद्दा. दगडाचा मार सोसायला कडक थर लागतो असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच गडबड होते. कडक बॉल हातात पकडताना आपण हात थोडे मागे घेतो, हात ताठ ठेवला तर बोटं सुजतात, तसंच इथे आहे. दगड थांबायला जेवढं जास्त अंतर मिळेल तेवढा जोर कमी, अंतर दुप्पट झालं की सरासरी जोर निम्मा. कडक आणि पातळ थर दाबला जात नाही, मार तसाच्या तसा खालच्या थरांपर्यंत जातो आणि दोन थर जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तिथली पकड सुटून टवका उडतो. कारखान्यात रंगाखाली जो प्रायमर मारतात त्याचं एक काम हा मार जिरवणं हेच असतं. थंडीत टवके जास्त उडतात त्याचं कारणही हेच, तापमान उतरलं की रंगातलं पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचं प्लास्टिकसारखं द्रव्य, ठिसूळ होतं. रंग तपासायची एसएई जे४०० नावाची एक स्टँडर्ड टेस्ट आहे, त्यात दाबाच्या हवेने खरी खडी रंगवलेल्या पत्र्यावर मारतात, मग चिकटपट्टी लावून ओढतात म्हणजे सुटलेला रंग निघून येतो, आणि मग किती टवके उडाले आणि केवढे ते बघतात. असा पत्रा मुद्दाम गार करून पण तपासतात.

म्हणून सिरॅमिक कोटिंग, म्हणजे बाटलीतून रंगावर लावायचा आणि वाळून कडक होणारा पातळ थर, दगडापासून वाचवतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सिरॅमिक कोटिंग चांगली गोष्ट आहे, पाणी टिकत नाही, घाण चिकटत नाही, गाडी धुवायला सोपी जाते, चमक राहते, पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते. एवढ्या थरात दगडाला थांबायला जागाच नाही. आणि बाटलीवर जे ९एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलीच्या शिशाचं मोजमाप आहे. मऊ ६बी पासून कडक ९एच पर्यंतच्या पेन्सिली ठरलेल्या जोराने रंगावर ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा उठतो ते बघतात, बस. खनिजांच्या कठीणपणाची मोज नावाची पट्टी असते आणि तिच्यावर हिरा १० वर असतो, त्यामुळे ९ आकडा बघून लोकांना वाटतं की हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी आहे. दोन्ही पट्ट्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. साध्या रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, तो मोज पट्टीवर ७ वर आहे, पेन्सिलीचं शिसं त्याच्या जवळपासही नाही.

दगडासाठी खरा उपयोग होतो तो पीपीएफचा, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मचा. ही पारदर्शक, रबरासारखी ताणली जाणारी फिल्म असते, चांगल्या फिल्ममध्ये थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन वापरतात, थोडक्यात टीपीयू, आणि जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड! दगड आदळला की फिल्म दबते, ताणली जाते, बरीचशी ऊर्जा स्वतःतच जिरवते आणि परत मूळ जागी येते. या कल्पनेची सुरुवात गाड्यांपासून झालीच नाही, १९६० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळू आणि कचऱ्याने झिजायची, ती वाचवायला थ्रीएमने अशी फिल्म तयार केली आणि गाड्यांकडे ती नंतर आली. सुरुवातीच्या फिल्म उन्हात पिवळ्या पडायच्या. पॉलियुरेथेन दोन प्रकारचं असतं, अ‍ॅरोमॅटिक आणि अ‍ॅलिफॅटिक, त्यातलं अ‍ॅरोमॅटिक उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं, अ‍ॅलिफॅटिक बरंच टिकतं, म्हणून फिल्म घेताना हे नक्की विचारा. पीव्हीसीची स्वस्त फिल्म पण मिळते, ती ताणली की नीट परत येत नाही आणि लवकर कडक होते, माझ्या मते पुढच्या बाजूला ती लावण्यात काही अर्थ नाही.

सेल्फ हीलिंग म्हणतात ते खरं आहे पण त्याला मर्यादा आहे. फिल्मच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, बारीक चरा पडला की त्या फक्त सरकतात, तुटत नाहीत, मग उन्हाने किंवा गरम पाण्याने ऊब मिळाली की परत जागेवर येतात आणि चरा दिसेनासा होतो. फिल्म कापली गेली किंवा आरपार भोक पडलं तर ते भरून येत नाही, तेवढा तुकडा बदलायचा. मोठा, धारदार दगड जोरात बसला तर फिल्म असूनही खाली टवका उडू शकतो.

मी सांगेन की पूर्ण गाडीला लावायच्या भानगडीत पडण्यापेक्षा पूर्ण बंपर, पूर्ण बोनेट, हेडलाईट, आरसे आणि पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब एवढं करा. बोनेटची फक्त पुढची पट्टी लावली तर फिल्म जिथे संपते तिथे घाणीची रेघ दिसत राहते. लावणाऱ्याला दोन गोष्टी विचारा, फिल्म आधीच मशीनवर कापून आणणार का गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार, कारण ब्लेड जरा खोल गेलं तर वाचवायला निघालेल्या रंगावरच चर पडतो. आणि कडा आत दुमडणार का, कारण उघडी कड हळूहळू उचलली जाते. बोनेट नुकतंच रंगवून घेतलं असेल तर थांबा. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, गॅरेजमध्ये गाडीत प्लास्टिक आणि वायरिंग असल्यामुळे ६० अंशांच्या आसपासच भाजता येतो, त्यामुळे तो पूर्ण पक्का व्हायला वेळ लागतो, आणि पकड कच्ची असेल तर पुढे फिल्म काढताना रंगही सोबत निघू शकतो. मागे एक चामड्यासारखं कव्हर मिळायचं पुढे बांधायला, त्याच्या आत धूळ आणि ओल अडकून तेच रंगावर घासत राहतं, ते नकोच.

आता ओरखडे. हे बहुतेक रस्त्यावर नाही, धुताना पडतात. धुळीने भरलेल्या बोनेटवर कोरडा फडका फिरवणं म्हणजे क्वार्ट्झचे कण क्लिअर कोटवर घासणं, उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल चमक दिसते ती त्यातूनच येते. आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्या, मग शाम्पू, स्वच्छ मायक्रोफायबर, आणि कापड पिळायला वेगळी बादली म्हणजे निघालेली माती परत रंगावर जात नाही. पुढच्या बाजूला चिकटलेले किडे वाळू देऊ नका, त्यांच्यातली आणि पक्ष्यांच्या विष्ठेतली आम्लं उन्हात क्लिअर कोटमध्ये डाग पाडतात. ओलं कापड पाच मिनिटं ठेवा, मऊ झालं की अलगद पुसा. पॉलिश वारंवार करू नका, दरवेळी क्लिअर कोट थोडा थोडा घासून कमी होतो आणि तो परत येत नाही.

टवका उडालाच तर तो कशावर उडालाय ते बघा. बंपर प्लास्टिकचा असतो, गंजत नाही, त्यामुळे घाई नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बोनेटवर लाल गंज येत नाही पण पांढरी पूड धरते आणि रंग फुगतो. पोलादी पत्रा उघडा पडला तर मात्र त्याच आठवड्यात टचअप करा, कारण गंज टवक्यापुरता राहत नाही, रंगाच्या खालून बाजूला सरकत जातो आणि एक दिवस मोठा पोपडा निघतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, गंज असेल तर तेवढाच खरवडायचा, मग बारीक ब्रशने किंवा काडीच्या टोकाने थेंबभर प्रायमर, वाळला की रंग दोन-तीन पातळ थरांत, शेवटी क्लिअर कोट. एकाच जाड थेंबात काम उरकलं तर तो वाळताना आकसतो आणि मधे खळगा राहतो. आणि फिल्म लावायची असेल तर हे सगळं आधी उरकून, पूर्ण वाळू देऊनच लावा.