काटा उणे तीसवर गेला, पण पाईप कोरडा झाला का?

"काटा तीसवर गेला, व्हॅक्यूम झाला, काढ होस." एसी बसवताना गॅस सोडण्याआधी पाईपातली हवा पंपाने काढतात, म्हणजे व्हॅक्यूम करतात, आणि गेजचा काटा उणे तीस इंचांवर गेला की काम झालं असं धरतात. त्या वेळचं हे वाक्य मी म्हापशात ऐकलंय, फोंड्यात ऐकलंय, मडगावात ऐकलंय. कालच कामाला लागलेल्या पोराकडून ऐकलंय आणि वीस वर्षं पाना हातात असलेल्याकडूनही. दरवेळी तितकाच राग येतो.

गॅस सोडून हवा ढकलणं आणि पंप लावून व्हॅक्यूम करणं, यातला फरक बहुतेकांना कळतो, म्हणून त्यावर फार बोलत नाही. आउटडोअर युनिटमधला गॅस सोडून पाईप 'साफ' करणं बंद करा. आर-३२ हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो, फुकट जातो, आणि पाईपाच्या भिंतीला चिकटलेली ओल त्याने हलतसुद्धा नाही.

खरा घोटाळा पंप लावणाऱ्यांचा होतो. हवा निघाली की ओलही निघाली, असं ते धरून चालतात.

पाणी पंपाला तसंच ओढून काढता येत नाही. आधी दाब इतका उतरवावा लागतो की आहे त्याच तापमानाला पाणी उकळेल. मग त्याची वाफ पंप ओढतो. ३० अंशांना त्यासाठी दाब सुमारे ३२,००० मायक्रॉनच्या (मायक्रॉन हे दाबाचं माप, पाऱ्याच्या एका मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली यावा लागतो. गेजवर हे म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस-एकोणतीस इंच. नीट बघा, काटा तीसला टेकायला येतो तेव्हा पाणी उकळायला नुकतं लागलेलं असतं. आणि नेमकं तिथेच आमची माणसं पंप बंद करतात.

त्यापुढचं काट्याला दिसतच नाही. एक इंच पारा म्हणजे २५,४०० मायक्रॉन. आपल्याला जायचंय ५०० च्या खाली. ५,००० आणि ५०० यांतलं अंतर त्या डायलवर इंचाच्या पाचव्या भागाहूनही कमी भरतं, ते काट्याच्या जाडीतच हरवतं. म्हणून मायक्रॉन गेज हवाच. महाग आहे, मान्य. कंप्रेसर त्याहून महाग आहे.

गेल्या जुलैत फोंड्याला एका घरी जुन्या पाईपांवर नवीन मशीन बसवत होतो. आधीचं मशीन काढून नेणाऱ्याने पाईपांची तोंडं उघडीच ठेवली होती, आणि बाहेर आठवडाभर धो धो पाऊस. चार मिनिटांत काटा खाली. मायक्रॉन गेजवर आकडा ६,८००. अर्ध्या तासाने १,९०० वर अडकला तो हलेना. पंपाच्या काचेत बघितलं तर तेल दुधासारखं पांढरं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं. तेल बदललं, सिस्टिममध्ये कोरडा नायट्रोजन सोडला, तो बाहेर काढून पुन्हा पंप लावला. दुसऱ्या फेरीनंतर आकडा ४२० वर आला.

आता पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. आकडा थोडा चढून कुठेतरी हजार-दोन हजारांवर थांबला, तर आत ओल शिल्लक आहे. न थांबता चढतच राहिला, तर लीक आहे: आधी पाईप जोडणारे फ्लेअर नट तपासा. हे काट्याकडे बघून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मायक्रॉन गेज पंपाच्या तोंडाशी लावू नका. तिथे तो पंपाचाच दाब सांगतो. लावायचा तो पंपापासून लांब, सिस्टिमच्या बाजूला. होस जाड आणि आखूड घ्या. बारीक लांब होसमधून तासभर पंप चालवण्यात वेळच जातो.

आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसच्या मशीनमधलं कंप्रेसरचं पीओई तेल ओल अधाशासारखं शोषतं. एकदा तेलात शिरलेलं पाणी व्हॅक्यूमने नीट निघत नाही. तेलाशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि ते मोटरच्या वायंडिंगवर जातं. दोन वर्षांनी कंप्रेसर जळतो, तेव्हा दोष व्होल्टेजच्या माथी मारला जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच पाण्याने भरलेली असते, म्हणून पाईपांना बूच लावल्याशिवाय चहालासुद्धा उठू नका.

आणि घरमालकांनो, आउटडोअरचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: "मायक्रॉन किती?"