आधी दशमांश, की आधी कर्ज?

अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करणाऱ्या माणसाने अर्जाआधी चर्चला दिलेलं दान, वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर धनकोंना सहसा परत मागता येत नाही. दान प्रामाणिकपणे दिलेलं असावं, एवढी अट आहे. हा कायदा १९९८चा. मंदीत घरखर्च कसा सांभाळावा यावर तिथल्या चर्चमध्ये भरपूर बोललं जातं, वर्ग भरतात, पुस्तिका वाटल्या जातात. या कायद्याचा उल्लेख मात्र फार क्वचित होतो. पैसे कमी पडले की आधी कोणाचे द्यायचे, या प्रश्नाचं उत्तर व्यासपीठावरून जितकं आलं, त्याहून जास्त कोर्टातून आलं.

जुना इतिहास थोडक्यात. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देणं. युरोपात तो बराच काळ धर्माचा सल्ला नव्हता, कर होता. इ.स. ५८५मध्ये फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेने तो न देणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली, ७७९मध्ये फ्रँक राजाने त्याला कायद्याचा आधार दिला. इंग्लंडमध्ये धान्याऐवजी रोख वसुली १८३६पासून सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्यांनी ही वसुली अडवली, गुरांच्या जप्त्या झाल्या, आणि अखेर १९३६मध्ये कायद्याने ती पद्धतच बंद केली. हाती काही उरत नसताना धर्माचं देणं द्यायचं का, हा वाद त्यामुळे अमेरिकन नाही आणि नवाही नाही.

अमेरिकेत दशमांशाची आजची शिकवण मात्र वाटते तितकी जुनी नाही. न्यू इंग्लंडच्या काही वसाहतींत चर्च कराच्या पैशावर चाले. मॅसॅच्युसेट्समध्ये हे १८३३मध्ये थांबलं. पुढे बाकांचं भाडं, जत्रा, वर्गण्या यांवर गाडा हाकला गेला. १८७३च्या आर्थिक कोसळणीनंतरच्या वर्षांत शिकागोतल्या एका व्यापाऱ्याने दशमांशाच्या समर्थनार्थ पत्रकं छापली आणि पाळकांना टपालाने पाठवायचा सपाटा लावला. ‘सगळा दशमांश भांडारात आणा’ हे बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याचं वचन आणि ते भांडार म्हणजे आपलंच चर्च हा अर्थ या काळानंतर घट्ट बसला. प्रसंग दुष्काळाचा असेल तर ही शिकवण आणखी जोर धरते. १८९९मध्ये यूटाच्या दक्षिणेत पाऊस नव्हता आणि मॉर्मन पंथाची संस्था स्वतः कर्जात बुडाली होती. तेव्हा त्यांच्या वृद्ध अध्यक्षांनी तिथल्या सेंट जॉर्ज गावी जाऊन पूर्ण दशमांश भरण्याचं आवाहन केलं. संस्थेची तिजोरी त्यानंतर सावरली हे खरं. सभासदांची किती सावरली, हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही.

तिसाच्या दशकातली महामंदी आली तेव्हा कर्जात फक्त सभासद नव्हते, चर्चही होती. दक्षिणेतल्या एका मोठ्या बॅप्टिस्ट महासंघाच्या देशांतर्गत मिशन मंडळाच्या खजिनदाराने १९२८मध्ये ९ लाखांहून अधिक डॉलरची अफरातफर केल्याचं उघड झालं होतं. डोक्यावर आधीचं कर्ज होतंच. १९३३मध्ये महासंघाने सभासदांना आवाहन केलं की नेहमीच्या दानाखेरीज महिन्याला एक डॉलर जास्त द्या, तो फक्त कर्ज फेडायला वापरू. एका डॉलरची किंमत त्या वर्षी काय होती हे वेगळं सांगायला नको. सगळं कर्ज १९४३मध्ये फिटलं. माझ्या मते या वर्षांचा परिणाम आकड्यांपेक्षा मनावर जास्त झाला: कर्ज हीच मुळात आध्यात्मिक अडचण आहे, ही भावना पुढच्या पिढीपर्यंत पोचली.

सत्तरच्या दशकातल्या महागाईत या भावनेला पद्धतीचं रूप मिळालं. १९७६मध्ये जॉर्जियातल्या एका सेवासंस्थेने बायबलच्या आधारे घरचं अंदाजपत्रक शिकवायला सुरुवात केली. किराणा, पेट्रोल, कपडे यांची रोकड वेगवेगळ्या पाकिटांत ठेवायची, पाकीट रिकामं झालं की खर्च बंद. हे आपल्या आज्यांच्या डब्यांपेक्षा फार वेगळं नाही. नव्वदच्या दशकात टेनेसीतून अशाच वर्गांची मोठी लाट निघाली आणि २००८नंतर ती गावोगावच्या चर्चच्या तळघरांत पोचली. या वर्गांत दशमांश पहिल्या ओळीवर असतो, कर्जफेड त्यानंतर. कर्ज फिटेपर्यंत दान थांबवा, असं म्हणणारे शिक्षकही आहेत. त्यांच्या हाती ‘कोणाच्या ऋणात राहू नका’ हे बायबलमधलं प्रेषित पौलाचं वाक्य असतं. समृद्धीचं ‘बी पेरा’, म्हणजे दान द्या आणि देव ते अनेकपट परत देईल, असं सांगणारे उपदेशक तिसरेच. त्यांच्याकडे कर्जबाजारी माणसाला द्यायचा सल्ला एकच, आणखी द्या. २०२०च्या टाळेबंदीत तर सरकारी मदतीचा १२०० डॉलरचा चेक दान करा, असं लुइझियानातल्या एका पास्टरने सांगितलं. त्याच वर्षी कर्जमुक्तीची शिकवण देणाऱ्या अनेक चर्चनी पगार चालू ठेवण्यासाठी माफ होऊ शकणारी सरकारी कर्जं घेतली, आणि त्यावर आपसांत वादही घातला.

पण खरा पेच मिनेसोटात पडला. तिथल्या एका दांपत्याने फेब्रुवारी १९९२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आधीच्या वर्षभरात त्यांनी आपल्या चर्चला १३,४५० डॉलर दिले होते. धनकोंसाठी मालमत्ता गोळा करणाऱ्या दिवाळखोरी विश्वस्ताने ते परत मागितले. आधार साधा होता: दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने योग्य मोबदल्याशिवाय कोणाला काही दिलं, तर ते धनकोंसाठी वसूल करता येतं. इथे फसवणुकीचा हेतू असावाच लागत नाही. दांपत्याने काही लपवलं नव्हतं. तसा आरोपही नव्हता.

चर्चने आधी म्हटलं की मोबदला मिळालाच आहे, उपासना, समुपदेशन, शिकवण. कोर्टाला ते पटलं नाही, कारण या गोष्टी दान न देणाऱ्यालाही मिळतात. हे उत्तर कायद्याने बिनचूक आहे, पण भाविकाला ते चमत्कारिकच वाटणार. कृपा फुकट आहे असं सांगणारं चर्च नेमकं त्याच कारणाने हरत होतं. समर्थकांनी मग दुसरा मुद्दा लावून धरला: हेच पैसे दांपत्याने सहलीवर किंवा जुगारात उडवले असते, तर त्यांना कोणी हात लावला नसता. मुद्दा ऐकायला जोरदार आहे, आणि खरं तर तो त्या नियमाच्या विक्षिप्तपणावर बोट ठेवतो. तरी तो अर्धाच आहे. धनको म्हणजे दरवेळी मोठी बँक नसते. थकलेल्या बिलाचा दवाखाना असतो, भाडं न मिळालेला घरमालक असतो, आणि दशमांश देणारे तेही असू शकतात.

प्रकरण वर चढलं. केंद्र सरकारच्या न्याय खात्याने आधी विश्वस्ताची बाजू घेतली होती. १९९४मध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्वतः ते निवेदन मागे घ्यायला लावलं. १९९६मध्ये अपील कोर्टाने चर्चच्या बाजूने निकाल दिला, तोही मोबदल्याच्या मुद्द्यावर नाही, तर १९९३च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यावर. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात तो कायदा राज्यांपुरता रद्द केला आणि हे प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. १९९८मध्ये अपील कोर्टाने पुन्हा तोच निकाल दिला: केंद्राच्या कायद्यांना तो कायदा अजून लागू आहे. त्याच वर्षी जूनमध्ये संसदेचा १५ टक्क्यांचा कायदा आला. तो फक्त चर्चसाठी नव्हता, सगळ्या धर्मादाय संस्थांना लागू होता, आणि हप्त्याने कर्ज फेडणाऱ्या दिवाळखोरालाही चालू दान खर्चात धरायची मुभा त्याने दिली. असा माणूस तीन ते पाच वर्षं फेडीची योजना पाळतो. दानाचा प्रत्येक डॉलर म्हणजे धनकोंच्या वाट्याचा एक डॉलर कमी. हे उघड असूनही विरोध फार झाला नाही, कारण दशमांशाच्या विरोधात उभं राहायला तिथे कोणताही खासदार राजी नसतो.

२००५मध्ये दिवाळखोरीचा कायदा कडक झाला. राज्याच्या मध्यम उत्पन्नापेक्षा जास्त कमावणाऱ्यांचा खर्च आता कर खात्याच्या ठराविक मापांनी मोजायचा होता, आणि त्या मापांत दशमांशाला जागा नव्हती. २००६च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका न्यायाधीशाने तसा अर्थ लावलाही. डिसेंबरमध्ये दुरुस्ती मंजूर झाली. ती मांडणारे दोन सिनेटर विरुद्ध पक्षांचे होते: एक यूटाचा, दुसरा इलिनॉयचा, जो दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. दुरुस्ती अगदी वेळेवर आली म्हणायची. २००९च्या ऑक्टोबरात बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली आणि २०१०मध्ये दिवाळखोरीचे १५ लाखांहून अधिक अर्ज आले.

मर्यादेचं काय, हे तरीही सुटलं नव्हतं. दर रविवारचं दान वेगळं मोजायचं, की वर्षाचं एकत्र? वेगळं मोजलं तर जवळजवळ कोणीच १५ टक्क्यांच्या वर जात नाही. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने २००६मध्ये एकत्र मोजायचं ठरवलं. मग २०१३मध्ये डेन्व्हरच्या अपील कोर्टासमोर पुढचा प्रश्न आला: मर्यादा ओलांडली तर फक्त वरची रक्कम परत घ्यायची, की सगळी? कोर्टाने कायद्याचा शब्द पाहून सगळी म्हटलं. म्हणजे १४ टक्के देणाऱ्याच्या चर्चकडून एक डॉलरही परत जात नाही, आणि १६ टक्के देणाऱ्याच्या चर्चला त्या वर्षाचं पूर्ण दान परत करावं लागू शकतं. इतकं देणं ही त्या माणसाची आधीपासूनची सवय होती, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. आणि ते दाखवायला चर्चच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात.