पार्श्वभूमी : तळं खणणाऱ्यांच्या गावातला पर्यावरण गट

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या पर्यावरण गटाचे नियम वहीच्या एका पानावर मावतात. सभा सगळ्यांना कळेल अशा भाषेत. काम जमेल तेवढं, पण अंगावर घेतलेलं पुरं करायचं. कचरा वेचणाऱ्यांना विचारल्याशिवाय कचऱ्याचा निर्णय नाही. झाड लावण्याआधी ती जागा कोण वापरतं ते बघायचं. नवा माणूस आला की विचारतो, हे कुठून आणलंत? बरंचसं याच गावातून आणलं. थोडं तोंडावर आपटल्यावर सुचलं.

सुरुवात तळ्यापासून करावी लागते. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी होतं आणि सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून इथे तलाव खणला. शरण, म्हणजे बसवेश्वरांच्या मार्गातल्या संतांच्या परंपरेत गोष्ट सांगतात, की त्यांच्यातलेच अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी विचारलं, “वड्डराम कुठे आहे?” वड्डर म्हणजे दगडमाती फोडणारा, उपसणारा. आपल्या गुरूला वड्डर म्हटलं म्हणून कामावरच्या लोकांनी त्यांच्यावर दगड उचलले. गोष्ट पुढे अध्यात्माकडे वळते, मी मात्र दरवेळी इथेच थांबतो. माती उपसणारेच त्या शब्दाने चिडले! कोणतंही काम हलकं नाही, हा कायकाचा विचार ज्यांनी दिला, त्यांच्याच बांधावर हे घडलं. आजही जलपर्णी काढायला श्रमदान ठरलं की घमेलं एकाच्या डोक्यावर आणि फोटो दुसऱ्याचा, असं होतंच. आमच्याकडे फोटो काढणाऱ्याने आधी दहा घमेली टाकायची, हा नियम त्यातूनच आला.

या तळ्याकाठची संक्रांतीची गड्ड्याची यात्रा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात मिरवणाऱ्या सात नंदीध्वजांचे, म्हणजे उंच काठ्यांचे, मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. मान वाटून घ्यायची सवय गावाला जुनी आहे, एवढं त्यावरून म्हणता येईल. त्याहून जास्त म्हणू नये.

कारण वगळण्याची सवयही तितकीच जुनी आहे. इंग्रजांनी अदिला नदीवर बांधलेला एकरुखचा, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव १८७१ साली पुरा झाला. त्याच साली त्यांनी जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदाही केला. पुढे तो कायदा इकडे लागू झाला आणि सोलापुरात असा शिक्का बसलेल्यांसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात.

भाषेचा मुद्दा गिरण्यांमुळे आला. १८७७ मध्ये जुनी गिरणी निघाली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या. हातमाग, यंत्रमाग आणि विडी कारखान्यांनी तेलंगणातून, कर्नाटकातून माणसं ओढली. त्यामुळे आमच्या एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चारही भाषा ऐकू येतात. पाटी मराठीत लावून ‘सर्वांचे स्वागत’ लिहिलं की स्वागत होत नाही, हे कळायला आम्हाला सहा महिने लागले.

स्वातंत्र्यलढ्यातलं १९३० सुद्धा सांगायला हवं, जरा अवघडून. ८ मे रोजी रूपाभवानीजवळ शिंदीची, म्हणजे ज्यांच्या रसाची दारू होते ती, झाडं तोडण्यावरून पेटलं, गोळीबार झाला आणि पुढे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन एकाच दिवशी फासावर गेले. चार समाजांतले चौघे. गावाला ज्याचा सर्वांत अभिमान, त्या पानावर झाडं तोडणारी माणसं आहेत. हे झाडवाल्यांनी लपवू नये. ताडी-दारूबंदीच्या लढ्यात ते तोडणं काय होतं, ते समजून घ्यावं.

सर्वांत मोठा धडा मात्र सोलापूरजवळच्या नान्नजचा. १९७९ मध्ये माळढोक या गवताळ माळावरच्या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. कागदावर भव्य. त्यात गावं, शेतं, खासगी जमिनी सगळं आलं. जमीन विकायची, काही बांधायचं, तर परवानग्यांचं झंझट मागे लागलं. पक्षी सरकारचा आणि त्रास आमचा, असं लोक म्हणू लागले. अखेर २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आलं. आता तिथे माळढोक क्वचितच दिसतो. त्याला फक्त माणसांचा राग कारण नाही. शेती वाढली, गवत गेलं, विजेच्या तारा आल्या, आणि हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. पण ज्यांच्या बांधावर तो उतरायचा, त्यांना आधी विचारलं असतं तर निदान राखणदार तरी मिळाले असते. आणखी एक. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथे हौसेने झाडं लावली की माळढोकाची जागा जाते आणि धनगराची चराईही. रोपं घेऊन माळावर निघालेल्या आमच्या तरुण मंडळींना एका मेंढपाळाने हे चार वाक्यांत समजावलं होतं. रोपं परत आणून शाळेमागे लावली.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं, त्याने आमच्या तिसऱ्या नियमाला आधार मिळाला.

वेळेचा नियम पानावर सगळ्यात शेवटी आला. पहिली सभा रविवारी सकाळी आठला ठेवली होती. विडी कामगार बायकांपैकी एकही आली नाही. त्या वेळी त्या वळलेल्या विड्या द्यायला कारखान्याच्या रांगेत होत्या. दुसरी सभा रात्री नऊला, बोळातच, दिव्याखाली घेतली. एक अक्का पत्र्याचा साचा ठेवून भिजलेली तेंदूची पानं कात्रीने कापत ऐकत होत्या. मधेच त्यांनी तेलुगूत विचारलं : हे पानाचं कात्रण ओल्या कचऱ्यात टाकायचं की सुक्या? आमच्याकडे उत्तर नव्हतं. अक्कांनी ते भाजीच्या देठांबरोबर एका फुटक्या बादलीत टाकून ठेवलं. दोन महिन्यांनी बादली सभेत आणून ओतली. देठांची माती झाली होती, पानं तशीच. तेव्हापासून कात्रणाचं पोतं वेगळं.