घोडो खयसून इलो? डब्यातल्या चॉकलेटी समुद्रघोड्याची पार्श्वभूमी

दुबई-सिंगापूरहून कोणी आलं की ड्यूटी फ्रीच्या पिशवीतून तो एक डबा हमखास निघतो. आत शिंपले, शंख, तारामासे आणि समुद्रघोडे, सगळे चॉकलेटचे, अंगावर पांढऱ्या-तपकिरी लाटा ओढल्यासारखे. आमच्या मालवणच्या आत्याने हा डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा खायच्या आधी तिने मासळीबाजारात टोपली बघतात तशी त्याची पाहणी केली. "ह्ये तिसरे, ह्यो खुबो, ह्यो शंख... आणि ह्यो घोडो खयसून इलो ह्येच्यात?" प्रश्न रास्त होता, आणि मला चॉकलेट आणि समुद्री प्राणी दोन्हीचं वेड असल्यामुळे मी तो जरा जास्तच मनावर घेतला.

तर आधी चॉकलेट. बेल्जियमच्या चॉकलेटची गोष्ट सुरू होते औषधाच्या दुकानातून. जाँ न्यूहाउस नावाच्या गृहस्थाने 1857 साली ब्रसेल्सच्या एका काचेच्या छताखालच्या बाजारगल्लीत दुकान थाटलं आणि कडू औषधं लोकांच्या घशाखाली उतरावीत म्हणून त्यांच्यावर चॉकलेटचा लेप द्यायला लागला (आपल्याकडे मधातून चाटण देतात तोच प्रकार). पुढे 1912 मध्ये त्याच्याच नातवाने, त्याचंही नाव जाँच, आतलं औषध काढून तिथे गोड सारण घातलं आणि बेल्जियन प्रालीन जन्माला आलं. थोडक्यात मोदकच, फक्त उकड चॉकलेटची. 1915 मध्ये नातसुनेने, म्हणजे लुईझ आगोस्तिनीने, त्यासाठी पुठ्ठ्याची खास पेटी काढली, कारण कागदाच्या पुडीत ती नाजूक चॉकलेटं दबून जायची. त्या पेटीला बॅलोटीन म्हणतात आणि चॉकलेट कोणाला भेट म्हणून द्यायची वस्तू व्हायला या पेटीचा हात मोठा आहे असं माझं मत.

बेल्जियमला एवढा कोको मिळत होता कुठून, तर त्यात काँगो ही त्यांची वसाहत होती हेही विसरून चालत नाही. चॉकलेटच्या गोडगोड इतिहासात हा भाग सहसा गाळला जातो.

आता घोडा. 1958 साल, ब्रसेल्समध्ये जागतिक प्रदर्शन भरलेलं, ते ॲटोमियम नावाचं गोळ्या-गोळ्यांचं धूड उभं राहिलं ते साल. त्याच साली गी फुबेर या चॉकलेटवाल्याने कंपनी काढली, बायकोचं नाव लिलियान, दोघांची नावं जोडून झालं गिलियान, आत्याचा डबा याच कंपनीचा. गाव सिंट-निक्लास, उत्तरेकडच्या फ्लेमिश भागातलं. सारणाची बाजू गीची, म्हणजे हेझलनट साखरेत परतून, कॅरमल चढवून, मग वाटून केलेली पेस्ट, आणि वरच्या आकारांची बाजू लिलियानची. शिंपल्यांचे नि समुद्री जिवांचे आकार तिने घडवले असं कंपनीच सांगते. म्हणजे आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं, घोडा लिलियानबाईंनी आणला.

ते आकार होतात कसे हेही बघण्यासारखं आहे. साच्यात आधी पांढऱ्या आणि गडद चॉकलेटचे फटकारे, मग कवच, मग सारण, मग तळ बंद, आणि गार करायचं. चॉकलेट नीट टेंपर केलं असेल, म्हणजे तापवून-निववून त्यातल्या कोको बटरचे स्फटिक ठीक जमवले असतील, तर गार होताना ते किंचित आकसतं आणि साच्यातून टप्पकन सुटतं, चकचकीत. हेच चॉकलेट मे महिन्यात आपल्या बॅगेत वितळून परत घट्ट झालं की स्फटिकांची घडी विस्कटते आणि वर पांढरट थर येतो. आमच्या घरी एक अख्खा डबा बुरशी आली म्हणून टाकून दिला होता, बुरशी कसली, बटर वर आलेलं, अजून जीव हळहळतो!

आणि खरा समुद्रघोडा? तर तो मासा आहे. आधी हे सांगावं लागतं कारण आपल्याकडे पाणघोडा म्हटलं की हिप्पो, आणि गंमत म्हणजे याचं शास्त्रीय नावही हिप्पोकॅम्पस, ग्रीकमध्ये हिप्पो म्हणजे घोडा आणि कॅम्पस म्हणजे समुद्री राक्षस. आपल्या मेंदूत आठवणींचं काम बघणारा जो भाग आहे त्यालाही हेच नाव, सोळाव्या शतकात एका इटालियन शरीरशास्त्रज्ञाला तो भाग या प्राण्यासारखा दिसला म्हणून. तर हा मासा उभा पोहतो, याला दात नाहीत, जठर नाही, शेपटीला पर नाही, शेपटीने गवत धरून बसतो आणि नळीसारख्या तोंडाने बारीक जीव ओढून घेतो. आणि बाळंत होतो तो नर. मादी अंडी त्याच्या पोटाच्या पिशवीत सोडते, तिथे तो त्यांना ऑक्सिजन पुरवतो, आतल्या पाण्याचा खारेपणा सांभाळतो आणि दोन-चार आठवड्यांनी कळा देऊन शेकडो पिल्लं बाहेर फेकतो. त्यातली मोठी होतात फार थोडी.

एवढा अजब प्राणी लोकांनी सुखाने जगू दिला असता तर नवल. चिनी पारंपरिक औषधांसाठी वाळवलेले समुद्रघोडे पूर्वीपासून विकले जातात, शिवाय शोभेच्या वस्तू, शिवाय ॲक्वेरियम. हा व्यापार केवढा आहे ते अमांडा व्हिन्सेंट या संशोधक बाईंनी पहिल्यांदा नीट मोजलं, वर्षाला किमान 2 कोटी समुद्रघोडे असा त्यांचा 1996 चा अहवाल होता. त्याच वर्षी समुद्रघोडे वाचवण्यासाठी प्रोजेक्ट सीहॉर्स सुरू झालं. फिलिपिन्समधल्या बोहोलला रात्री कंदील लावलेल्या होड्यांतून कोळी पाण्यात उतरतात आणि हाताने समुद्रघोडे वेचतात. त्या कोळ्यांना सोबत घेऊन, मासेमारी बंद असलेला राखीव समुद्र तयार करायचं काम तिथे झालं. आणि या प्रकल्पाला बरीच वर्षं पैसे देणाऱ्यांत कोण, तर ही आपली गिलियान चॉकलेट कंपनी. जाहिरातीला उपयोग होतोच, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ज्याचं चित्र विकतो त्याच्यासाठी खिशात हात घालणारे किती असतात?

मात्र घोडा आमचाच, हे कंपनीला कायद्याने मिळालं नाही. 2008 मध्ये कोरियाच्या लोट्टे समूहाने कंपनी विकत घेतली आणि 2009 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने चॉकलेटी समुद्रघोड्याच्या आकाराला ट्रेडमार्क नाकारला. समुद्री थीमची चॉकलेटं दुसऱ्या कोणालाही करावीशी वाटतील, त्यांना समुद्रघोडा वापरायची वाट मोकळी हवी, असा एकूण सूर. मला तर वाचून बरं वाटलं.

खऱ्या घोड्याला मात्र कायद्याचं संरक्षण मिळालं. भारताने 2001 मध्ये समुद्रघोड्यांची सगळी जमात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातली, म्हणजे वाघाच्या पंगतीला, आणि जगभरच्या व्यापारावर साईट्स कराराची (वन्य जिवांच्या देशोदेशींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा करार) बंधनं 2004 पासून आली. पण अडचण अशी की बहुतेक समुद्रघोडे कोणी मुद्दाम पकडत नाही, ते कोळंबीसाठी होडीमागून ओढत नेतात त्या ट्रॉलच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर येतात, आणि जाळ्याला परिशिष्ट वाचता येत नाही. आपल्याकडचा पिवळा समुद्रघोडा कोकण-गोव्याच्या खाड्यांतही असतो, गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तो टाकीत वाढवायचे प्रयोगही झालेत.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं, बेल्जियमपासून बोहोलपर्यंत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अरे, ह्यो तर आमच्या सुकटीत गावायचो. मी ल्हान असताना आई निवडून बाजूक काढी आणि आमी पोरां खेळूक घेव." मग घोडा बघून आश्चर्य कसलं वाटलं होतं तुला, असं विचारलं तर म्हणे, "तेका खातत ह्याचा."