ठळक पिक्सेल फॉन्ट

चौकोनी ठिपक्यांनी रचलेला, जाड रेघांचा फॉन्ट. खेळाचे नाव, गुण, मेनू अशा चार-दोन शब्दांच्या जागी तो शोभतो; त्यात परिच्छेद लावला की डोळे दुखतात. अटारी या अमेरिकी कंपनीच्या १९७६ मधल्या व्हिडिओ खेळांत आलेली ८ × ८ ठिपक्यांची अक्षरे नामकोसारख्या जपानी कंपन्यांनी उचलली आणि ‘पॅक-मॅन’ने (१९८०) ती जगभर नेली. उभी रेघ दोन ठिपक्यांची, आडवी एकाची, ही या वळणाची खूण. जुन्या काचेच्या पडद्यावर एका ठिपक्याची उभी रेघ फिकी पडे, म्हणून हा जाडपणा. आज रेट्रो म्हणून मिरवते ती मुळात तडजोड होती.

देवनागरीला आठ ओळी पुरत नाहीत. नुसते ‘कुर्ला’ लिहायचे तरी वर रफार, मध्ये शिरोरेघ आणि खाली उकार. म्हणून सोळा ओळींची चौकट सोयीची. ग्नू युनिफॉन्ट या ठिपक्यांच्या मोफत फॉन्टची उंचीही सोळाच आहे. पण खरी पंचाईत ठळकपणाची. रेघ जाड केली की ‘ब’चे पोट भरते, आणि आतली तिरकी रेघ वगळली तर बोरिवलीची ‘वोरिवली’ होते. ‘भ’ आणि ‘ध’च्या डोक्यावरची फट बुजली की भायखळ्याचा ‘मायखळा’, धारावीची ‘घारावी’. उपाय अटारीचाच: शिरोरेघ एका ओळीची ठेवायची, जाडी उभ्या दांड्यांना द्यायची आणि फटीला निदान दोन ठिपके मोकळे सोडायचे.

मुंबईकराला ठिपक्यांची देवनागरी नवी नाही. फलाटावरचा इंडिकेटर आणि बसची पाटी तो रोज वाचतो, तेही धावताना. भाषा बदलली की ‘वांद्रे’चे ‘बांद्रा’ होते. एवढ्याशा रेघेवर केवढा भार!

आयआयटी मुंबईत पूर्वी शिकवणारे र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला. तो पिक्सेल फॉन्ट नव्हे, पण पडद्यावरच्या देवनागरीची सवय त्यानेच लावली. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ कमालीचा जाड. त्यात अक्षरांची पोटे बारीक चिरांएवढी उरतात. वक्र रेघांत हे जमते, ठिपक्यांत नाही.

पिक्सेल फॉन्ट मोठा करायचा तर दुप्पट, तिप्पट असाच. दीडपट केला की काही ओळी दुहेरी होतात, काही एकेरीच राहतात. कडा गुळगुळीत करण्याचा पर्यायही बंद ठेवावा. नाहीतर करडे ठिपके पसरून पहिली बुजते ती ‘धारावी’तली फट.